हो ची मिन्ह सिटी की नैरोबी: अभ्यासदौरा निवडताना

व्यवस्थापनाच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाच्या अखेरच्या सत्रात परदेशी अभ्यासदौऱ्याचा अर्ज समोर आला, की आमच्याकडे बहुतेक वेळा दोन नावांवर चर्चा येऊन थांबते: व्हिएतनाम आणि केनिया. मी स्वतः विद्यार्थी असताना व्हिएतनाम निवडले होते. पुढे त्याच अभ्यासक्रमात अधूनमधून शिकवू लागलो, तेव्हा दौरा ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी तुकडी घेऊन नैरोबीला गेलो. दोन्ही दौरे आठ दिवसांचे होते. एकेका दौऱ्यावरून देशाविषयी मत बनवू नये हे मला मान्य आहे, पण निवड करायला बसलेल्या माणसाला निदान दोन्हीकडे जाऊन आलेल्याचे म्हणणे उपयोगी पडावे.

व्हिएतनामची बाजू कागदावर फार भक्कम आहे. १९८६ मध्ये ‘डोई मोई’ या नावाने सुरू झालेल्या आर्थिक सुधारणा, २००७ मधले जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व आणि २०२० पासून लागू झालेला युरोपीय संघाबरोबरचा व्यापार करार, या क्रमाने त्या देशाने कारखानदारी कशी खेचून आणली हे वर्गात शिकवले जातेच. ते प्रत्यक्ष पाहताना मन भरून येते. बिन्ह डुओंग हा २०२५ पर्यंत स्वतंत्र प्रांत होता, आता तो हो ची मिन्ह सिटीत विलीन झाला आहे; तिथल्या औद्योगिक वसाहतींतून फिरताना रस्ते, सांडपाण्याची व्यवस्था, कामगारांच्या दुचाकींच्या शिस्तीत लावलेल्या रांगा हे सारे पाहून चाकणहून आलेल्या माझ्यासारख्याला थोडे वाईटही वाटले होते. रात्री दहा वाजता गटाने शहरात पायी हिंडता येते आणि खर्चही केनियापेक्षा कमी येतो.

मग अडले कुठे? अडले ते दुभाष्यापाशी, आणि हा मुद्दा मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे, कारण माहितीपत्रकात तो कुठेच लिहिलेला नसतो.

बुटांचे अपर, म्हणजे वरचा भाग, शिवणाऱ्या एका कारखान्यात आम्हाला थेट लाइनवर नेले होते. भिंतीवर तासावारी उत्पादनाचा फलक होता, जसा आमच्या कारखान्यातही असतो: एका रकान्यात उद्दिष्ट, दुसऱ्यात झालेले नग. एक ते दोन या तासाच्या आकड्याभोवती लाल गोल काढलेला होता. मी त्याचे कारण विचारले. चाळिशीच्या सुपरवायझर बाईंनी तीन-चार मिनिटे मन लावून समजावले. मध्येच चामड्याचा एक तुकडा उचलून त्याची घडी घालून दाखवली, सुईकडे बोट केले, मग खिडकीबाहेर पडणाऱ्या पावसाकडे हात केला, आणि शेजारच्या दोन मशीनवरच्या मुलींनीही मान हलवली. दमट हवेत चामडे सैल पडते आणि टाके सुटतात, असे काहीसे त्या सांगत असाव्यात, असा माझा अंदाज. आमच्यापर्यंत पोहोचले ते एकच वाक्य: ‘दुपारी थोडी अडचण आली होती, आता ती दूर झाली आहे.’ मी पुन्हा विचारले, तेव्हा उत्तर आले की इथे गुणवत्तेकडे नीट लक्ष दिले जाते.

त्या दुभाष्याला मी दोष देत नाही. तो पर्यटकांना शहर दाखवणारा मार्गदर्शक होता आणि देवळे व बाजार दाखवताना त्याने आम्हाला उत्तम माहिती दिली; कारखान्याचे शब्द मात्र त्याच्याकडे कोणत्याच भाषेत नव्हते. स्वराच्या चढउताराने अर्थ बदलणारी ती भाषा आठ दिवसांत आपल्याला थोडीही पकडता येत नाही, त्यामुळे सगळा भार त्या एका माणसावर पडतो. वरिष्ठ व्यवस्थापकांपैकी काही जण सफाईने इंग्रजी बोलत, पण ते सभागृहात स्लाइड दाखवणारे. आणि स्लाइड तर घरी बसूनही पाहता आल्या असत्या. सात भेटींपैकी प्रत्येक ठिकाणी तासातला अर्धा वेळ भाषांतरात जात होता आणि उरलेल्या वेळात हाती येत होते ते आधीच ठाऊक असलेले. परतीच्या विमानात मी माझी वही चाळली, तेव्हा तीत माझे प्रश्नच जास्त होते.

नैरोबीत इंग्रजी ही स्वाहिलीबरोबरची अधिकृत भाषा आहे, एवढे आपल्याला माहीत असते. पण त्याने दौऱ्यात किती फरक पडतो हे मला कावांगवारे वस्तीतल्या एका एम-पेसा एजंटच्या बाकावर बसल्यावर कळले. सफारीकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीने २००७ मध्ये सुरू केलेली ही पैसे पाठवण्याची सेवा साध्या फोनवर, बँकखाते नसतानाही चालते, हे तुकडीतल्या सगळ्यांनी वाचले होते. त्या ताईंनी सांगितले ते कोणी वाचले नव्हते. शहरातले लोक गावी पैसे पाठवण्यासाठी रोकड भरतात, त्यामुळे एजंटच्या फोनमधला ‘फ्लोट’, म्हणजे खात्यावरची डिजिटल शिल्लक, संपत जातो आणि गल्ल्यात नोटा साठतात. गावाकडच्या एजंटचे नेमके उलटे, तिथे लोक पैसे काढायला येतात आणि रोकडच संपते. महिनाअखेरीला फ्लोट संपला, की दुकान बंद करून नोटा घेऊन बँकेत पळावे लागते. तेवढ्या वेळाचे कमिशन बुडते आणि वाटेत पैसे लुटले जाण्याची धास्ती असते ती वेगळीच. किती रक्कम फोनमध्ये ठेवायची आणि किती गल्ल्यात, हा हिशेब त्या रोज सकाळी मनात करत होत्या. खेळत्या भांडवलाचा धडा याहून चांगला मी कोणत्याही वर्गात शिकवू शकलो नसतो.

त्यानंतर त्यांनीच आम्हाला विचारले, की भारतात एजंटला किती कमिशन मिळते. आमच्यातल्या एकाने यूपीआय समजावून सांगितले: पैसे एका बँकखात्यातून दुसऱ्या बँकखात्यात जातात, मध्ये एजंट लागत नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मग गावातल्या म्हातारीच्या हातात नोट कोण देतो?’ व्होडाफोनने २०१३ मध्ये हीच सेवा भारतात आणली होती आणि ती इथे रुजली नाही. तसे का झाले यावर बसमध्ये हॉटेल येईपर्यंत वाद चालला, आणि तो त्या एका प्रश्नामुळे पेटला होता. समोरचा माणूस आपल्याला प्रश्न विचारतो, तेव्हाच भेट खरी होते असे मला वाटते, आणि दुभाषी मध्ये असताना असे एकदाही घडले नव्हते.

नैवाशा सरोवराकाठच्या गुलाबांच्या शेतीवरही तेच झाले. तुकडीतल्या एका विद्यार्थ्याच्या घरी मावळात पॉलिहाउस आहे. डावणी आणि भुरी हे रोग, दांड्याची लांबी, रात्रीचे तापमान यांवर तो आणि तिथला व्यवस्थापक अर्धा तास बोलत राहिले आणि आम्ही सगळे भोवती उभे राहून ऐकत होतो. विषुववृत्ताजवळ दिवसाची लांबी वर्षभर जवळजवळ सारखी असते आणि उंचीमुळे रात्री थंड असतात, म्हणून तिथे गुलाबाला हंगाम असा फारसा नाही. मावळातला शेतकरी मात्र डोळे लावून बसतो ते व्हॅलेंटाइन डेच्या मागणीकडे. हा फरक त्या मुलाने तिथेच, व्यवस्थापकाच्या तोंडून, स्वतःच्या घरच्या हिशेबाशी जोडला.

नैरोबीच्या अडचणीही खऱ्या आहेत. वाहतूक अतिशय त्रासदायक आहे. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या टोलच्या द्रुतगती मार्गाने विमानतळाकडची वाट सुकर झाली असली, तरी शहरात दिवसाला दोनपेक्षा जास्त भेटी ठरवू नयेत. अंधार पडल्यावर पायी फिरता येत नाही आणि तरुण विद्यार्थ्यांना हे बंधन जाचते. जेवणाचा प्रश्न मात्र उलट आहे: पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या गुजराती कुटुंबांमुळे शाकाहारी थाळी सहज मिळते, तर व्हिएतनाममध्ये माशाचा सॉस कशात असेल ते सांगता येत नाही आणि ‘चाय’ म्हणजे शाकाहारी अशी पाटी शोधत हिंडावे लागते.

ज्यांचे काम उत्पादनात किंवा पुरवठासाखळीत आहे आणि ज्यांना यंत्रे व मांडणी डोळ्यांनी पाहूनच बरेच उमगते, त्यांनी व्हिएतनामचा विचार अवश्य करावा. फक्त अर्ज भरण्यापूर्वी संस्थेला एक गोष्ट विचारावी: कारखान्यात दुभाषी म्हणून कोण असेल आणि त्या व्यक्तीने कधी कारखान्यात काम केले आहे का. समाधानकारक उत्तर मिळाले, तर जरूर जावे. न मिळाल्यास पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लशीची तारीख लवकर घेऊन टाकावी. केनियासाठी ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र परतीच्या वेळी आपल्या विमानतळावरही दाखवावे लागते.