लिंकनचे समग्र लेखन, आठ खंड: काही महिने वापरल्यानंतर

रॉय बेसलर यांच्या संपादनाखाली रटगर्स विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९५३ साली काढलेले हे आठ खंड. सूचीचा नववा खंड १९५५ चा. सलग वाचायला बसलात तर पहिल्या खंडातच दमाल, कारण वकिली आणि मतांच्या जुळवाजुळवीची पत्रंच फार. पडताळणीसाठी मात्र याला तोड नाही.

आधी तळटीप वाचायची. तिथली 'एएलएस' ही खूण असली तर पत्र लिंकनच्या हातचं, सहीसकट. 'एलएस' असेल तर सही त्याची, अक्षर दुसऱ्याचं. टीप टाळलीत तर फसाल. १४ जुलै १८६३ चं, आपल्याच सेनेच्या जनरल मीडला लिहिलेलं कडक पत्र घ्या: ते ना सही झालं, ना पाठवलं गेलं. सिनेटच्या निवडणुकीतला प्रतिस्पर्धी डग्लस याच्याबरोबरचे १८५८ चे सात वादविवाद तिसऱ्या खंडात आहेत, पण तो मजकूर लिंकनने स्वतः चिकटवलेल्या कात्रणवहीतला. त्यात स्वतःची भाषणं त्याने रिपब्लिकन पक्षाच्या वृत्तपत्रातून घेतली, डग्लसची डेमोक्रॅट पक्षाच्या वृत्तपत्रातून. म्हणजे शब्दाशब्दावर पैज लावू नये.

लिंकनचं गाजलेलं गेटिसबर्गचं भाषण सातव्या खंडात. दोन खर्डे, वृत्तपत्रातला पाठ आणि नंतरच्या प्रती असं सगळं ओळीने छापलंय. ईश्वराचा उल्लेख पहिल्या दोन खर्ड्यांत नाही, वृत्तपत्रातल्या पाठात आहे. एवढ्यासाठीसुद्धा खंड ठेवावा.

मिशिगन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सगळं फुकट शोधता येतं. पूर्ण वाक्य टाकू नका, दोन-तीन नेमके शब्द टाका. लिंकनच्या स्पेलिंगच्या चुका तशाच ठेवल्यात, त्यामुळे शुद्ध शब्द टाकूनही काही वेळा हाती काही लागत नाही. आपल्या शाळांच्या भिंतींवरचं ते 'हेडमास्तरांस पत्र' शोधून पाहा. सापडणार नाही. इतर अवतरणांच्या बाबतीत मात्र लगेच 'बनावट' म्हणू नका, १९७४ आणि १९९० चे पुरवणी खंड वेगळे आहेत, तेही चाळा.

उणीव मोठी एकच: लिंकनला आलेली पत्रं यात नाहीत. त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा संग्रह उघडावा लागतो, आणि दोन खिडक्या शेजारी ठेवून तारखा जुळवणं कंटाळवाणं आहे. युद्धात मुलं गमावलेल्या बिक्सबीबाईंना पाठवलेलं सांत्वनाचं पत्रही इथे लिंकनच्याच नावावर आहे. मूळ हस्तलिखित हरवलंय, आणि ते लिंकनचा सचिव जॉन हे याने लिहिलं असं मानणारे बरेच.

नुसतं वाचायचंच असेल तर लायब्ररी ऑफ अमेरिकाची १९८९ ची दोन पुस्तकं घ्या, वादविवाद त्यातही पूर्ण आहेत.