पलटी नांगराला लिव्हर की बटण?

भाच्याने हायड्रोलिक पलटी नांगर घेतला आणि गाडी अडली वाल्ववर, म्हणजे नांगर पलटवायला तेल सोडणाऱ्या झडपेवर. हाताच्या लिव्हरचा घ्यावा की बटणावर चालणारा सोलेनॉइडचा, म्हणजे करंट दिला की कॉइलचं चुंबक होऊन उघडणारा?

खर्चात लिव्हर स्वस्त, वादच नाही.

मेहनतीत बटण पुढे. नांगरटीच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला नांगर उचला, पलटवा, ट्रॅक्टर वळवा. लिव्हरसाठी दर वेळी स्टिअरिंग सोडून हात मागे न्यावा लागतो. बटण स्टिअरिंगजवळ बसवलं की अंगठ्यावर काम.

ताबा मात्र लिव्हरचाच. थोडा ढकलला की तेल थोडंच जातं. साधा सोलेनॉइड एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, त्यामुळे नांगर धाडकन पलटतो. हवं तेवढंच उघडणारे इलेक्ट्रिक वाल्वही मिळतात, पण महाग.

बिघाडाचं म्हणाल तर लिव्हरचा दिसतो: सील गेलं की तेल झिरपतं. बटणाचा लपतो. माझा बटणाचा वाल्व ऐन मे महिन्यात बंद पडला. तेल बघितलं, पंप बघितला, शेवटी निघाली गंजलेली अर्थिंगची वायर! तेव्हापासून आधी बटण दाबून कॉइलच्या टोकाला (वायरच्या जोडाला नव्हे) स्क्रू ड्रायव्हर लावतो. चिकटला तर करंट पोचतोय, दोष वाल्वमध्ये; बहुतेकदा तेलातला कचरा.

स्वतःचीच चार-पाच एकरं असतील, किंवा लोडरसारखं ताब्याचं काम असेल, तर लिव्हर घ्या. भाड्याने दिवसभर नांगरट करणाऱ्याने बटण घ्यावं, पण करंट गेला तरी हाताने दाबून चालवायची पिन असलेला वाल्व बघूनच. भाचा भाड्याने जातो, त्याला बटणच सांगितलं.