‘फुकट’ व्हिडिओ डाउनलोडरपायी माझे ३८,६९९ रुपये गेले

आकडा आधीच लिहिला, म्हणजे पुढचं वाचताना ‘थोडक्यात निभावलं’ असं कुणाला वाटायला नको. मी इंदूरला लोकमान्य नगरात घरी गाणं शिकवते. तीन मुलींच्या वर्षभराच्या फीपेक्षा ही रक्कम जास्त आहे.

आमच्या क्लासच्या गुरुपौर्णिमेचे सात वर्षांचे कार्यक्रम मी यूट्यूबवर क्लासच्याच चॅनलवर टाकून ठेवले होते. मूळ चित्रीकरण होतं तो मोबाइल पाण्यात पडून गेला. यंदा जुन्या मुलांची गाणी हॉलमध्ये पडद्यावर दाखवायची होती, आणि तिथे नेट धड चालत नाही. म्हणून व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे होते. कुणाचा सिनेमा चोरायला निघाले नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला तोंडावर तेच ऐकवलं गेलं.

कार्यक्रमाला चार दिवस होते. ‘फ्री व्हिडिओ डाउनलोडर’ असं शोधलं आणि सगळ्यात वर आलं ते उघडलं. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं होतं. त्या पानावर व्हीएलसी या व्हिडिओ-गाणी चालवायच्या प्रोग्रामच्या नारिंगी शंकूसारखंच चित्र होतं. व्हीएलसी मी कित्येक वर्षं वापरते, त्यातच ताना सावकाश करून मुलींना ऐकवते. ओळखीचं चित्र दिसलं आणि निर्धास्त झाले. कुठल्याही प्रोग्रामच्या नावापुढे पैसे भरून लावलेली जाहिरात उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. त्या पानावर चित्रांसह सूचना होत्या: दहा मिनिटं अँटिव्हायरस बंद करा, मग विंडोजची निळी चौकट येईल, ती नेहमीचीच आहे, घाबरू नका. आणि खरंच ती चौकट आली. प्रकाशक अज्ञात आहे, हे चालवणं धोक्याचं ठरू शकतं, असं विंडोज मला सांगत होतं. त्या चौकटीत ‘रन एनीवे’ हे बटण समोर नसतंच. आधी ‘मोअर इन्फो’ दाबावं लागतं, तेव्हा ते उघडतं. म्हणजे मी एकदा नाही, दोनदा हाताने दार उघडलं. नव्या, छोट्या पण प्रामाणिक प्रोग्रामलाही ती चौकट येते, हे मला आता कळलंय. पण घरात येण्याआधी राखणदाराला बाहेर काढायला सांगणारा माणूस चांगल्या हेतूने आलेला नसतो. हे मला तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळायला हवं होतं. मी अडाणी नाही. पण घाई होती, आणि पानावर आधीच लिहिलेलं जसंच्या तसं घडल्यामुळे उलट विश्वासच वाढला.

प्रोग्रामने प्रत्येक व्हिडिओची पहिली तीन मिनिटं उतरवली. पूर्ण हवा असेल तर ‘ॲक्टिव्हेशन’चे २९९ रुपये. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, ओटीपी, सगळं दिलं. व्हीएलसी बनवणारी व्हिडिओलॅन ही फ्रान्समधली ना-नफा संस्था आहे, ती व्हीएलसीसाठी एक पैसा घेत नाही. ‘ॲक्टिव्हेशन’ हा शब्द दिसताच उठायला हवं होतं.

दोन दिवसांनी स्क्रीनभर लाल पाटी आली: वार्षिक वर्गणीचे ४,९९९ रुपये आज कापले जातील, रद्द करायचं असल्यास या नंबरवर फोन करा. मी केला. तो माणूस इतका नम्र होता! ‘घबराइए मत मॅडम, कैंसिल कर देता हूँ, जो नंबर आएगा बस वो बता दीजिए.’ मी सहा आकडे वाचून दाखवले. मग ‘एक बार और’. त्याच मेसेजमध्ये आकड्यांच्या शेजारी रक्कम छापलेली होती, मी ती वाचलीच नाही. १९,९०० आणि १८,५००. पैसे रद्द करायला किंवा परत मिळायला ओटीपी लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा.

तीन तास कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली. मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पुढच्या कुठल्याशा खात्यात ६,१४० रुपये तेवढे रोखले गेले, बाकीचे तोवर निघून गेले होते. लाज नंतर वाटून घ्या, आधी १९३० लावा.

बँकेत गेले तर ‘ओटीपी तुम्हीच दिलात’ एवढंच. लेखी अर्ज दिला तर पोच देईनात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मग कळवल्याची पोच नाकारायची कशासाठी? तासभर काउंटरसमोर उभी राहिले तेव्हा शिक्का मारला. २६ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आता ऑनलाइन तक्रार केली आहे, त्याला फी लागत नाही.

पोलीस ठाण्याचं तर विचारू नका. आमच्या भागातल्या ठाण्यात म्हणाले, सायबरवाल्यांकडे जा. तिथे म्हणाले, आधी ठाण्यात आवेदन द्या. परत ठाण्यात, तर साहेब ड्यूटीवर बाहेर. स्क्रीनचे फोटो, फोन नंबर, साइटचा पत्ता, बँकेचं स्टेटमेंट, सगळ्याच्या चार प्रती केल्या. पाचव्या खेपेला कागद घेतले, तेही ‘पढ़ी-लिखी होकर?’ असं सगळ्यांसमोर विचारून. दुसरा म्हणाला, यूट्यूबवरून उतरवणंच चुकीचं आहे. माझ्याच चॅनलवरची माझ्याच मुलींची गाणी! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घ्यावी लागते. हे मी त्यांना सांगितलं, तर ‘मॅडम, कानून मत सिखाइए’. चोर मला ‘मॅडम’ म्हणून फसवून गेला आणि तक्रार घेणारे ‘मॅडम’ म्हणून हाकलत राहिले. रोखलेले ६,१४० रुपये मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. तेवढ्यासाठी वकिलाला काय देऊ?

कॉम्प्युटर जेल रोडवर नेऊन आतलं सगळं पुसून घेतलं, त्याचे ८०० वेगळे. कार्ड बंद केलं. मेलचे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्याच्या मशीनवरून बदलले. घरच्या मशीनवरून बदलू नका, तो प्रोग्राम आत बसलेला असेल तर नवाही पासवर्ड जाईल.

आणि सगळ्यात जास्त जळजळ याची. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, आता ती पुण्याला नोकरी करते, फोनवर दोन मिनिटांत सांगितलं: ‘ताई, आपलेच व्हिडिओ ना? यूट्यूब स्टुडिओ उघडा, कंटेंटमध्ये जा, व्हिडिओसमोरच्या तीन टिंबांवर डाउनलोड आहे.’ तिथेच होतं. फुकट. सातही कार्यक्रम अर्ध्या तासात उतरले, पण गुरुपौर्णिमा होऊन नऊ दिवस झाले होते.

आज सकाळी मी तेच शब्द पुन्हा शोधून पाहिले. जाहिरात अजून वरच आहे, फक्त बटणाचा रंग बदललाय.