साखरपुड्याचा हिरा: ३१ सेंट, सात महिने वापरून

एकूण बिल ६३,६५९ रुपये. त्यात ३१ सेंटच्या (शंभर सेंटचा एक कॅरेट) हिऱ्याचे ४१,०००, अठरा कॅरेट सोनं २.८५० ग्रॅम, मजुरी ४,२७५ आणि वर ३ टक्के जीएसटी. सोन्याचा भाव त्या दिवशी अठरा कॅरेटला ग्रॅममागे ५,८०० होता. अंगठी नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतली, साखरपुडा डिसेंबरात झाला, आणि तेव्हापासून ती रोज हिच्या बोटात आहे. ६५ हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. घरात पहिल्यांदाच हिरा येणार होता. आईकडे, आत्याकडे सगळं सोनंच. आत्या तर म्हणाली, "हिरा सगळ्यांना धार्जिणा नसतो रे, विचार करून घे." तिची काळजी खरी होती, म्हणून तिलाही दुकानात बरोबर नेलं.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये तपासणीचं काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर. त्यामुळे हिऱ्यातलं काही कळत नसलं तरी माप वाचता येत होतं, आणि शेवटी त्याचाच उपयोग झाला.

पहिल्या दुकानात आमच्यापुढे जी अंगठी आली ती पाहून आम्ही हरखलोच. भलामोठा हिरा, अर्धा कॅरेट, ५८ हजार. वर छतातून दिव्यांचा झोत. मी भिंग मागितलं. भिंगाखाली तो एक हिरा नव्हताच. मधे एक आणि भोवती सहा, असे सात बारीक खडे एकमेकांना चिकटवून दाबून बसवलेले. याला बाजारात प्रेशर सेटिंग म्हणतात. अर्धा कॅरेट हे सातांचं मिळून वजन. अंदाजपत्रकावर 'हिरे ७ नग' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण तोंडाने शेवटपर्यंत 'सॉलिटेअर लुक', म्हणजे एकाच हिऱ्यासारखी दिसणारी, एवढंच सांगितलं गेलं. ज्याला असली अंगठी आवडते त्याने जरूर घ्यावी, काम सुबक असतं. मात्र सात आहेत हे आधी कळायला हवं. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "सात तुकडे नकोत. एकच घेऊ, लहान असला तरी."

दुसऱ्या दुकानात खड्यासकट वजन करून सगळ्याला सोन्याचा भाव लावत होते. हिऱ्याच्या वजनात एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे ३१ सेंटच्या हिऱ्याचं वजन ०.०६२ ग्रॅम. रक्कम साडेतीनशेच्या आसपास भरते, पण हिऱ्याचे पैसे वेगळे दिल्यावर त्याच वजनाचे पुन्हा सोन्याच्या भावाने का द्यायचे? बिलावर एकूण वजन आणि निव्वळ वजन हे दोन आकडे वेगळे असलेच पाहिजेत. आमच्या बिलावर २.९१२ आणि २.८५० असे आहेत.

अंगठी घेतली ती पुण्यातल्या सोन्या मारुती चौकाजवळच्या एका जुन्या पेढीतून. तिथले काका सत्तरीचे असतील. त्यांनी आधी बजेट विचारलं, मग "अंगठी नंतर बघू, आधी सुटा हिरा बघा" म्हणून कागदाच्या दोन पुड्या उलगडल्या. एकीत ३५ सेंटचा, दुसरीत ३१ सेंटचा. दोघांचेही जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचे रिपोर्ट, रंग एच (जवळजवळ पांढरा), शुद्धता व्हीएस२ (आतले दोष अगदी बारीक). भाव जवळपास सारखाच. कोणीही ३५ उचलेल, मीही तोच उचलला होता.

मग रिपोर्टवरची मापं वाचली. ३५ सेंटचा: व्यास ४.४० मिलिमीटर, उंची २.९६. ३१ सेंटचा: व्यास ४.३७, उंची २.६९. म्हणजे वरून पाहिलं तर फरक ०.०३ मिलिमीटर, जो डोळ्याला दिसूच शकत नाही. जास्तीचे चार सेंट सगळे पोटात गेलेले. ३५ च्या रिपोर्टवर कट, म्हणजे पैलू पाडण्याची प्रत, 'फेअर' (बेताची) होता, ३१ च्या 'एक्सलंट'. खालचे पैलू फार उभे उतरले की वरून आत शिरलेला उजेड खालून निसटून जातो, परत डोळ्याकडे येत नाही. हे कोनांचं गणित मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्येच मांडलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते डोळ्यांनी. काका म्हणाले, "इथे नका बघू, इथे काचसुद्धा चमकते. दाराशी चला." दुपारचे चार वाजले होते. दाराशी सावलीत, पांढऱ्या व्हिजिटिंग कार्डाच्या घडीत दोन्ही हिरे शेजारी ठेवले. ३५ सेंटच्या मधोमध एक करडा, झोपलेला डाग दिसत होता, कार्ड कसंही फिरवलं तरी हटेना. ३१ सेंटचा सावलीतही जागा होता. हिने कार्ड हातात धरून जरा हलवलं आणि त्यातून निळी, मग केशरी ठिणगी उडाली. आत्या इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, "हा घ्या."

म्हणून पहिला हिरा घेणाऱ्यांना माझं सांगणं: पैसे कटवर घाला, वजन शेवटी बघा. रंगात एच पुरेसा आहे, पिवळ्या सोन्यात तर त्याहून खालचाही पांढराच वाटतो. शुद्धतेत व्हीव्हीएसच्या, म्हणजे व्हीएसच्या वरच्या पायरीच्या, मागे लागू नका. आमच्या हिऱ्यात 'क्रिस्टल', म्हणजे आत अडकलेला बारीक स्फटिक, आहे असं रिपोर्टवर लिहिलंय. दहापट भिंगातून मला तो कडेला सुईच्या टोकाएवढा सापडला, तोही पाच मिनिटं शोधून. नुसत्या डोळ्यांना काहीही नाही. त्याच भिंगातून हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला रिपोर्टचा नंबरही दिसतो. तो कागदाशी ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

लॅबमध्ये तयार झालेला हिराही काकांनी दाखवला. त्याच पैशात जवळजवळ एक कॅरेट येत होता. तोही हिराच, कार्बनच, तितकाच कठीण; दुकानात हिरा तपासायचा जो पेन असतो तो दोघांत भेद करू शकत नाही. मला मोह झाला होता. पण ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रोज एसटीने जाते. म्हणाली, "एवढा मोठा घातला तर मला सारखा हात मिटून बसावं लागेल." शिवाय त्या पेढीत लॅबचा हिरा परत घेत नव्हते, नैसर्गिक हिरा बदलून घेताना हिऱ्याच्या बिलाच्या ८० टक्के धरतात. हे त्यांनी बिलाच्या मागे लिहून दिलं. लॅबचा घ्यायचा असेल तर आनंदाने घ्या, फक्त बिलावर तसा स्पष्ट शब्द असू द्या.

बावीस कॅरेट सोनं हिरा धरून ठेवणाऱ्या नख्यांना मऊ पडतं, म्हणून अठरा. आतल्या बाजूला ७५० चा (हजारात ७५० भाग सोनं) शिक्का आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा हॉलमार्क नंबर, आहे. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून मी दुकानातच तपासला. नख्या चारऐवजी सहा घेतल्या, हे काकांनी सुचवलं आणि ते फार बरं झालं.

आता तक्रारी. अंगठी सांगितल्या तारखेपेक्षा पाच दिवस उशिरा मिळाली, आणि साखरपुड्याला जेमतेम आठवडा उरलेला असताना तो उशीर जिवाला घोर लावणारा होता. फोनही मलाच करावे लागले. दुसरं, हिऱ्याची बैठक (तो बसवलेला भाग) उंच आहे. पाचव्या महिन्यात एक नखी ओढणीत अडकू लागली. पेढीत नेली तर अर्ध्या तासात बसवून दिली, पैसे घेतले नाहीत, पण बैठक मुळात थोडी खाली घ्यायला हवी होती.

हिरा तेलकटपणा लगेच धरतो, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. खडूची धूळ आणि हाताला लावायचं क्रीम मिळून आठ-दहा दिवसांत तो मंद दिसायला लागतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, आणि खालच्या बाजूने घासायचं. आम्ही वाटीत धुतो, बेसिनमध्ये कधीच नाही. कणीक मळताना ती अंगठी काढून देवघरातल्या कुंकवाच्या कोयरीशेजारी ठेवते. परवा आत्या आली होती. तिने हिचा हात धरून खिडकीपाशी नेला, सावलीत.