विंडी : चक्रीवादळाचा डोळा मजल्यामजल्याने दाखवणारं ॲप

हवामानाची ॲप पुष्कळ आहेत. पाऊस पडेल की नाही, एवढंच बघायचं असेल तर कुठलंही चालतं. पण चक्रीवादळाच्या मधोमध, म्हणजे त्याच्या ‘डोळ्यात’, वारा का पडतो, हे नववीच्या मुलांना डोळ्यांसमोर दाखवता येईल असं मला एकच सापडलं : विंडी. मी श्रीवर्धन तालुक्यात विज्ञान शिकवते, घरची पोफळीची वाडी आहे, आणि 3 जून 2020च्या निसर्ग वादळानंतर हे ॲप माझ्या फोनवरून हललेलं नाही. त्यामुळे हे परीक्षण शिक्षिकेचंही आहे आणि वाडीवालीचंही.

आधी एक खुलासा. या नावाची दोन वेगवेगळी ॲप आहेत. मी बोलतेय ते विंडी डॉट कॉम, लाल चिन्हाचं. इव्हो लुकाचोविच या चेक उद्योजकाने 2014 मध्ये ते सुरू केलं. ते स्वतः वैमानिक आणि पतंगाच्या ओढीने लाटांवर फळी चालवणारे, म्हणजे वाऱ्यावाचून ज्यांचं अडतं अशांपैकी. ॲप वापरताना ते जाणवतं. उघडल्याबरोबर नकाशाभर वाऱ्याच्या रेघा सरसर वाहताना दिसतात, बाकी सगळं नंतर.

आता मुद्द्याचं. वर्गात हटकून येणारा प्रश्न असा : “बाई, दाब सगळ्यात कमी मधे असतो ना? मग वारा पण सगळ्यात जास्त मधेच हवा!” प्रश्न चोख आहे. आणि त्याचं उत्तर विंडीवर बोट ठेवून देता येतं.

28 ऑक्टोबर 2025ची रात्र घ्या. दिवाळीची सुट्टी होती. मोंथा वादळ त्या संध्याकाळी आंध्रच्या किनाऱ्यावर चढत होतं, आणि त्याच रात्री आपल्या घड्याळात साडेदहाच्या सुमाराला मेलिसा हे हरिकेन (अटलांटिकमधलं चक्रीवादळ) जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, न्यू होप गावाजवळ धडकलं. त्या वेळच्या नोंदीनुसार वारा ताशी 295 किलोमीटर, केंद्रातला दाब 892 हेक्टोपास्कल. एरवी समुद्रसपाटीला हा आकडा 1010च्या आसपास असतो. अटलांटिकमधल्या आजवरच्या सर्वांत जोरदार धडकांपैकी ही एक. एकाच नकाशावर दोन वादळं, एक ताशी 90 ते 100 किलोमीटरचं आणि एक त्याच्या तिप्पट. मी वर्गाच्या गटावर चित्रं टाकत होते आणि मुलं घरून प्रश्न विचारत होती. मोंथाच्या मधोमध स्वच्छ डोळा असा दिसतच नव्हता, सगळा ढगांचा पसारा. मेलिसाच्या उपग्रह चित्रात मात्र काठ कातरून काढावा तसा गोल, जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर रुंदीचा. डोळा प्रत्येक वादळाला नसतो, वादळ बऱ्यापैकी जोर धरतं तेव्हाच तो उघडतो, हे सांगायला मला वेगळं वाक्य खर्च करावं लागलं नाही.

आता समदाब रेषांचा, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, पर्याय चालू करा. बाहेरून आत येताना रेषा जवळजवळ येत जातात, डोळ्याच्या कडेला तर एकमेकींना चिकटतात, आणि आत? आत जवळपास रेषाच नाहीत. इथेच त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. वारा दाब किती कमी आहे यावर वाहत नाही, शेजारच्या ठिकाणापेक्षा तो किती कमी आहे यावर वाहतो. डोळ्यात दाब अतिशय कमी असतो, पण सगळीकडे जवळपास सारखाच कमी. ढकलणारं काही उरत नाही. मधल्या ठिपक्यावर बोट टेकवलं की वेगाचा आकडा धाडकन उतरतो, थोडं सरकवून कडेला नेलं की परत चढतो. (आकडा नॉटमध्ये येत असेल तर त्याच्यावरच टिचकी मारा, ताशी किलोमीटर होतो.) मुलांना हे स्वतः करायला द्यावं.

उरलेलं अर्धं उत्तर : बाहेरची हवा आतपर्यंत पोचत का नाही? दाब कमी आहे म्हणून ती केंद्राकडे निघते, पृथ्वी फिरतेय म्हणून आपल्या उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते, आणि केंद्राभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने गिरक्या घेऊ लागते. जितकी आत, तितकी गिरकी वेगवान. हे दाखवायला मी बॉलपेनच्या रिकाम्या नळीतून दोरा ओवते, वरच्या टोकाला खोडरबर बांधते, ते गरगर फिरवते आणि खालून दोरा ओढते. दोरा आखूड होतो तसं खोडरबर सुसाट सुटतं, आणि ओढणाऱ्या बोटाला जास्त जोर लावावा लागतो. वादळात हे ओढण्याचं काम दाबातला फरक करतो. पण अंतर निम्मं झालं की फिरतं ठेवायला लागणारा जोर आठपट होतो, आणि एका टप्प्यावर दाबातला फरक त्याला पुरा पडत नाही. हवेला आणखी आत शिरता येत नाही, मागून तर लोंढा येतोच आहे, मग ती वर उसळते. तीच डोळ्याची भिंत. सगळ्यात जोराचा वारा आणि सगळ्यात मुसळधार पाऊस तिथे. भिंतीच्या आतली हवा या झटापटीतून वगळली गेलेली असते.

आणि इथे विंडीची माझ्या लेखी सर्वांत मोलाची गोष्ट येते : बाजूची उंचीची पट्टी. वर जावं तसा दाब घटतो, म्हणून तिच्यावर उंची दाबाच्या आकड्यांत दिलेली असते. जमिनीपासून 150 हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे साधारण साडेतेरा किलोमीटरपर्यंत, मजल्यामजल्याने वर चढता येतं. 850वर, म्हणजे दीडेक किलोमीटरवर, वारा आत वळत घिरट्या घालताना दिसतो. वर वर जा, घिरट्या सैल होत जातात. 200, 150वर पोचलात की चित्रच पालटतं : रेघा केंद्रातून बाहेर फेकल्या जाताहेत आणि लांब गेल्यावर घड्याळाच्या दिशेने वळताहेत. भिंतीतून वर गेलेली हवा माथ्यावरून अशी पसरते. बहुतेक बाहेर जाते, थोडी मात्र आतल्या बाजूला, डोळ्यात, सावकाश खाली उतरते.

खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि दाबली गेली की तापते, कोरडी असेल तर किलोमीटरमागे जवळपास दहा अंशांनी. तापली की ढगातले थेंब विरतात. डोळ्यातून निळं आकाश दिसतं ते यामुळे. हेही ॲपवर पडताळता येतं. तापमानाचा थर निवडा, उंची 300 ठेवा, म्हणजे नऊएक किलोमीटर. तिथे आजूबाजूला उणे तीसच्या आसपासची थंडी असते, आणि वादळाच्या बरोबर मधे एक उबदार ठिपका. मेलिसाच्या वेळी तो इतका उठून दिसत होता की एका मुलीने “बाई, तिथे आग लागलीय का?” असं विचारलं. आग नाही, पण उष्णता खरी आहे. समुद्राची वाफ वर जाऊन पाणी होताना सोडते ती आणि ही उतरणारी हवा तापते ती, अशी दोन्ही मिळून. उबदार हवेचा स्तंभ हलका, म्हणून त्याच्याखालचा दाब आणखी घसरतो. वादळ स्वतःला पोसतं ते असं. जमिनीवर मात्र हा उबदारपणा जेमतेम जाणवतो. उंचीची पट्टी नसती तर हे कधी कळलंच नसतं.

लाटांचा थरही न चुकता बघा. डोळ्यात वारा पडला तरी समुद्र पडत नाही. चारी बाजूंच्या भिंतींनी उठवलेल्या लाटा तिथे एकमेकींवर आदळतात. आमच्याकडच्या होडीवाल्यांना हा थर दाखवला तेव्हा त्यांनी वाऱ्याच्या नकाशाकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही.

आता उणिवा, कारण त्या माहीत असल्याशिवाय हे ॲप वापरू नये. पडद्यावर दिसतं ते वादळ म्हणजे गणित आहे. युरोपीय हवामान केंद्राचं प्रतिमान (अंदाज काढणारं गणिती मॉडेल) निवडलं तर त्याची जाळी नऊ किलोमीटरची, म्हणजे तेवढ्या चौकटीला एकच आकडा; जीएफएस या अमेरिकन प्रतिमानाची त्याहून विरळ. पंधरा-वीस किलोमीटरचा डोळा नऊ किलोमीटरच्या चौकटींत कितीसा मावणार! भिंत जाडी भरडी होते, वारा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, केंद्रातला दाब खऱ्यापेक्षा जास्त. मेलिसाचा 295 हा आकडा विंडीच्या वाऱ्याच्या नकाशावर शोधून सापडणारा नव्हता. तो विमानं आणि उपग्रहांच्या मोजमापांवरून ठरतो. शिवाय प्रतिमान बदललं की केंद्र सरकतं. किनाऱ्यावरच्या गावाला ते सरकणं फार महाग पडू शकतं. रेघा इतक्या सुंदर वाहतात की माणूस त्यांना कॅमेऱ्यातलं दृश्य समजतो, हा माझ्या मते या ॲपचा खरा धोका आहे. गाव सोडायचं की नाही, होड्या ओढायच्या की नाही, हे भारतीय हवामान विभागाच्या पत्रकावरच ठरवा. विंडी ते पत्रक समजून घ्यायला उत्तम.

दुसरी गोष्ट नेटवर्कची. निसर्गमध्ये भरदुपारी टॉवर गेले, वीज गेली आणि आठवडेच्या आठवडे आली नाही. आमच्या पोफळी रांगेने आडव्या झाल्या आणि फोन म्हणजे निव्वळ विजेरी. इंटरनेटशिवाय विंडी कोरा नकाशा आहे. वादळाच्या आदल्या दिवशीच आपल्या गावाची पडद्याची चित्रं काढून ठेवावीत आणि दर तीन तासांची वाऱ्याची दिशा वहीत लिहून काढावी.

ती दिशा लिहायला सांगते त्याला कारण आहे. गावावर बोट ठेवून खालची वेळेची पट्टी पुढे सरकवा. केंद्र गावावरून जाणार असेल तर बाण आधी एकीकडे, मग वेग जवळपास शून्य, आणि मग बाण बरोबर उलटा. डोळा वीस किलोमीटरचा आणि वादळ ताशी पंधराने सरकत असेल तर मधली शांतता सव्वा तासाच्या आसपास, तीही केंद्र नेमकं डोक्यावरून गेलं तरच. 18 सप्टेंबर 1926ला मायामीत हेच झालं. पहाटे भयंकर वारा, मग उघडीप. वादळ संपलं समजून लोक रस्त्यावर आले, आणि भिंतीची दुसरी बाजू उलट्या दिशेने येऊन आदळली. तिथल्या हवामान कार्यालयाचे प्रमुख रिचर्ड ग्रे लोकांना परत आत जायला ओरडून सांगत होते. तेव्हा हे डोळ्यांनी दाखवायचं साधन कोणाजवळ नव्हतं. आज ते फुकट आहे, आणि नववीतल्या पोराला वेळेची पट्टी सरकवता येते. त्या पोराने ती घरी आजोबांना सरकवून दाखवावी, एवढ्यासाठी मी हा धडा घेते.

पैशांचं सांगायचं तर फुकटच्या आवृत्तीत अंदाज तीन-तीन तासांच्या टप्प्याने मिळतो, वर्गणी भरली की तासातासाचा. शिकवायला फुकटची पुरते, वर लिहिलेलं सगळं तिच्यातच होतं. खोल समुद्रात जाणाऱ्यांनी वर्गणीचा विचार जरूर करावा, केंद्र जवळून जाताना तीन तासांत दिशा पूर्ण फिरलेली असते. जुन्या फोनवर रेघांचं चलचित्र अडखळतं, सेटिंगमध्ये जाऊन ते मंद केलं तर बरं चालतं. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एकाच गोष्टीसाठी : वादळ जवळ असताना नकाशावरच ठळक अक्षरांत “हा अंदाज आहे, अधिकृत इशारा बघा” अशी पट्टी कायम दिसायला हवी.