स्टेपलरची सुंता : ७ महिन्यांनंतर

वय ४६, मधुमेह ९ वर्षांचा. कातडी मागे सरकेना, चिरा पडायच्या, लघवीला आग व्हायची. दीड वर्ष बायकोपासूनही लपवलं, नुसती मलमं लावली. शेवटी डॉक्टरांनी सुंता सांगितली, टाक्यांची किंवा स्टेपलरची. चुलतभावाची टाक्यांची झाली होती. मी स्टेपलर निवडला, जास्त पैसे मोजून.

यात घंटेच्या आकाराची टोपी कातडीच्या आत, शिश्नाच्या मुंडावर (टोकावर) बसवतात. दांडा दाबला की गोल पातं कातडी कापतं आणि त्याच दाबात कडेनं बारीक पिना बसतात. माझ्या कातडीचं तोंड फार आवळलेलं, म्हणून आधी वरून छोटी चीर द्यावी लागली. तरी जागेवरच्या भुलीत १५ मिनिटांत आटोपलं, रक्त अगदी थोडं. भावाला पाऊण तास लागला होता.

पण घरी आल्यावर पारडं फिरलं. भावाचे टाके आपोआप विरघळले. माझ्या पिना दहाव्या दिवसापासून एकेक गळायला लागल्या आणि चार सुजेत रुतून बसल्या. पाचव्या आठवड्यात चिमट्यानं उपसून काढल्या, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. पिना अडकू शकतात हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, याचा राग अजून गेलेला नाही. पहिला आठवडा पहाटेच्या ताठरपणानं झोपमोड व्हायची, ते मात्र भावालाही चुकलं नव्हतं. संबंध दोघांनाही ६ आठवडे बंद.

आज व्रणाची रेघ सरळ आहे, भावाची थोडी वाकडी. त्याला त्याचं काही वाटत नाही. आग नाही, चिरा नाहीत. पण ते श्रेय एकट्या ऑपरेशनचं नाही. साखर आटोक्यात येईपर्यंत डॉक्टरांनी तारीखच दिली नव्हती. शिवाय मी डॅपाग्लिफ्लोझिन घेत होतो. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, त्यामुळे तिथे बुरशी धरू शकते. माझी गोळी डॉक्टरांनी बदलली. तुम्ही मनानं बंद करू नका, पण विचारा जरूर.

परवा मेहुण्यानं सल्ला विचारला. त्याची कातडी पांढरी पडून कडक झालीय. त्याला म्हटलं, टाक्यांचीच कर, डॉक्टरांना डोळ्यांसमोर बघून कापू दे. कापलेली कातडी तपासणीला पाठवणार का, तेही विचारून घे. सोमवारी मी त्याच्यासोबत जातोय.