डिफ्रॅग केल्यावर काय बदललं: घुमट आरतीच्या रेकॉर्डिंगवरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग कारणं. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल आणि तिच्यावर थोड्या थोड्या वाढत जाणाऱ्या फाइल्स लिहिल्या जात असतील, तर डिफ्रॅगमेंटेशनने, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे उचलून सलग मांडण्याने, फरक पडतो आणि तो सरळ कळतो. ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ एवढ्याच तक्रारीवर करायला जाल, तर हाती फारसं काही लागणार नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीपासून ते शिगमो (आमचा शिमगा) संपेपर्यंत विंडोजचंच टूल वापरून मी या मताला आलो आहे.

गोव्यात फोंड्याजवळ घरातल्याच एका खोलीत माझं रेकॉर्डिंगचं काम चालतं. घुमट आरतीची (घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांची) मंडळं, भजनी मंडळं, क्वचित नाटकाचं पार्श्वसंगीत. मशीन जुनं: विंडोज १०, ८ जीबी रॅम, ७२०० आरपीएमची १ टीबी डिस्क. आरतीला घुमटं, शामेळ (दुसरं तालवाद्य), कासाळं (झांजा), पेटी आणि गळे मिळून आठ माइक लागतात. म्हणजे आठ ट्रॅक, आठ फाइल्स, सगळ्या एकाच वेळी वाढत जाणार.

घोडं इथेच पेंड खातं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एक ट्रॅक सेकंदाला १४४ केबी जागा घेतो. आठ मिळून सव्वा एमबीसुद्धा होत नाहीत. डिस्क सलग लिहायला बसली तर सेकंदाला शंभरावर एमबी सहज लिहिते, तेव्हा वेगाचा प्रश्नच नाही. पण सॉफ्टवेअर आळीपाळीने लिहितं: घुमटाचा एक तुकडा, मग शामेळाचा, मग पेटीचा, परत घुमटाचा. तासाभराच्या रेकॉर्डिंगनंतर एकेका फाइलचे हजार-दोन हजार तुकडे सहज होतात. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवा तो भाग हेडखाली (तबकडीवरून वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी ४ मिलिसेकंदांच्या वर, आणि हेड जागेवरून हलायला आणखी आठ-नऊ. एका उडीचे १२-१३ मिलिसेकंद धरले, तर दोन हजार तुकड्यांचे २५ सेकंद नुसते उड्या मारण्यात गेले. तीच पाचशे एमबीची फाइल सलग असती तर चार-पाच सेकंदांत वाचून झाली असती.

गंमत म्हणजे आठही ट्रॅक एकत्र वाजवताना या तुकड्यांचा त्रास होत नाही, कारण ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने ते वाचले जातात. त्रास होतो तो प्रोजेक्ट उघडताना, जेव्हा सॉफ्टवेअर एकेक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तिच्या आवाजाच्या लहरींचं चित्र काढायला घेतं. शिवाय एकाच ट्रॅकवर प्रोसेसिंग करताना आणि पेन ड्राइव्हवर कॉपी करतानाही. जुन्या रेकॉर्डिंगवर नवा गळा चढवताना तर फारच. डिस्क नव्वद टक्क्यांच्या वर भरली होती तेव्हा एका मंडळाची आरती अशीच चालू होती आणि आवाज मध्ये टचकन तुटला. मागे बसलेले बुवा शांतपणे म्हणाले, ‘‘मशीन अडखळलं की शामेळवाला?’’ शामेळवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

टूलबद्दल. स्टार्टमध्ये ‘डिफ्रॅग’ टाइप केलं की ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ची खिडकी उघडते. विंडोज ९८ मधले ते रंगीत चौकोन आठवत असतील तर निराशा होईल. व्हिस्टापासूनच तो नकाशा गेला, आता फक्त ‘पास ३, १४ टक्के रिलोकेटेड’ असं काहीतरी सरकत राहतं. मला तो नकाशा बघत बसायला आवडायचा, कामाचा उपयोग शून्य असला तरी. आठवड्याला आपोआप चालायची सोय आहे, पण ती मशीन चालू असून रिकामं बसलेलं असताना. माझं मशीन कामापुरतंच चालू असतं, म्हणून मी हातानेच चालवतो. रेकॉर्डिंगचा ड्राइव्ह तर वेळापत्रकातून मुद्दाम काढला आहे. तासभर माउसला कुणी हात लावत नाही, मशीनने त्यालाच रिकामा वेळ समजायला नको.

खिडकीत दिसणाऱ्या टक्क्यावर विसंबू नका. ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे हे टूल मोजतच नाही आणि हलवतही नाही. ऐकायला कामचुकारपणा वाटतो, पण हिशेब बरोबर आहे: ६४ एमबी वाचायला अर्धा सेकंद लागत असेल तर मधली १३ मिलिसेकंदांची उडी कुणाच्या लक्षात येणार? खरी माहिती हवी तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिफ्रॅग कमांड स्लॅश ए आणि स्लॅश व्ही लावून चालवा. काहीही न हलवता ती एका फाइलचे सरासरी किती तुकडे आहेत आणि सलग रिकामी जागा सर्वांत मोठी किती, हे सांगते. मी हल्ली हा दुसराच आकडा आधी बघतो.

परिणाम. भजनाचा जो मोठा प्रोजेक्ट उघडायला दोन मिनिटं घ्यायचा, तो पाऊण मिनिटाच्या आत उघडू लागला. कॉपी करणं निम्म्या वेळावर आलं. विंडोज सुरू व्हायला मात्र जवळपास तेवढाच वेळ, ब्राउझर होता तसाच. पहिल्यांदा चालवलं तेव्हा रात्रभर चालू होतं, पुढच्या वेळी तासाभरात आटोपलं.

पण आवाज तुटायचा थांबला तो डिफ्रॅगने नाही, जागा मोकळी केल्याने. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर तुकडे उचलून ठेवायला टूललाही जागा लागते. १५ टक्के मोकळी ठेवा असं पूर्वीपासून म्हणतात, मी ३० ठेवतो. जुने प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर हलवले, मग त्याच डिफ्रॅग कमांडला स्लॅश एक्स लावून उरलेली रिकामी जागा एकत्र करून घेतली. तेव्हापासून नव्या फाइल्सचे तुकडेच कमी होतात. लहान-मोठ्या फाइल्स पुसल्यावर मागे जी भोकं राहतात त्यांतच नवं रेकॉर्डिंग कोंबलं जातं, हे रोग समजून घेतल्याशिवाय कळत नाही.

आमच्याकडच्या पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जून-जुलैत लाईट कधी जाईल याचा नेम नाही. विंडोज तुकडा आधी नव्या जागी लिहितं आणि मगच नोंद बदलतं, म्हणून मध्येच ‘स्टॉप’ दाबलं तरी फाइलला धोका नाही. पण वीज अचानक जाणं डिस्कच्याच अंगावर येतं. यूपीएस नसेल तर ढग गडगडत असताना हे काम काढू नये. आणि काहीही करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत बघा. रिॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर्स (डिस्कचे खराब झालेले किंवा संशयास्पद भाग) वाढत असतील, पिवळा ‘कॉशन’ दिसत असेल, तर डिफ्रॅग विसरा आणि आधी डेटा बाहेर काढा. आजारी डिस्ककडून रात्रभर हेलपाटे घालून घेण्यात अर्थ नाही.

एसएसडीवाल्यांनी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क वापरणाऱ्यांनी) यातलं काहीच करू नये. तिथे हेडच नाही, उडी कसली? विंडोज ८ पासून तीच खिडकी एसएसडीला ओळखून ट्रिम (कुठली जागा आता रिकामी आहे हे सांगणारा आदेश) पाठवते, तेवढं पुरे. एका ओळखीच्या मुलाने पैसे भरून कुठलंसं ‘स्पीड बूस्टर’ घेतलं आणि ते त्याच्या एसएसडीवर दर दोन दिवसांनी ‘डीप डिफ्रॅग’ चालवत होतं. एसएसडीच्या लिहिण्याच्या मोजक्या फेऱ्या फुकट खर्ची पडत होत्या, वेग होता तेवढाच.

दिवाळीनंतर मीही सी ड्राइव्हसाठी एक लहान एसएसडी बसवली. मशीन सुरू होण्याचा वेळ ज्याने खरोखर खाली आला ते हे. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर तेच करा. जुनी डिस्क आता फक्त रेकॉर्डिंगला आहे, दोन-तीन महिन्यांतून एकदा तपासणी करतो आणि तुकडे फारच दिसले तरच डिफ्रॅग. जत्रांच्या मोसमात काम जास्त म्हणून एकदा मध्येच करावं लागलं. नंतर पुढच्या चतुर्थीपर्यंत लागेल असं दिसत नाही.